फिजीचं तिकीट आन धोंड्याचं साल

त्या साली धानाच्या रोवनीले चिखलाच्या बांधीत आमी पाच जनी होतो. मी. माही धाकटी जाऊ पारबता. सखू, जिची जीभ कधी आराम करत नाही. इंदू, कुनब्याची, आमच्यातली एकटीच जिच्या घरी बैलजोडी हाय. आन वच्छला, जिनं रोवनीचा गुत्ता, म्हनजे ठेका, घेतला होता. धुऱ्यावरून पऱ्याच्या, धानाच्या रोपाच्या, पेंढ्या फेकाले सखूचा नवरा डोमा. आन पन्नीत गुंडाळून माह्या पोलक्यात ठेवलेल्या फोनात माही पोरगी रंजना, फिजीतली. तिले धरलं तं आमी सात.

यंदा परत रोवनी लागली. मी बांधीत उतरत नाही आता, गुडघे वाकत नाहीत. धुऱ्यावर बसते आन बायांचे डबे राखते. चिखलाचा वास तोच हाय. पानी पायाले थंड लागते आन पाठीले ऊन. चार-पाच दिसांत पायाच्या बोटांच्या सांद्या सडतेत, त्याले आमी चिखल्या म्हनतो, त्याच्यावर हळद-तेल लावतो आन परत उतरतो. रोवनी करताना बाई मांगं मांगं सरकते. समोर हिरवं होत जाते आन आपन उभ्या असतो तिथं मातीच राहते. पन्नास वर्सं मी अशीच सरकली. त्याचं काही वाटत नाही. सवय हाय.

फिजी कुठं हाय ते मले अजूनबी नीट सांगता येत नाही, जाऊन आली तरी. परशांत, पारबताचा पोरगा, साकोलीले त्याचं ऑनलाइनचं दुकान हाय, त्यानं मले फोनात दाखवलं होतं. सगळं निळं. त्या निळ्यात तीळ सांडल्यावानी काही तरी. "हे?" मी म्हनली. "हे," तो म्हनला. माहा जावई तिथं हॉटेलात एसीचं आन पाइपाचं काम करते. हॉटेल एका नान्ह्या बेटावर आन रंजनाची खोली मोठ्या बेटावर. मंधात समुद्र. पंधरा दिसांनी तो बोटीनं घरी येते.

रंजनानं फोनावर मले सांगतलं तो त्या सालचा मोहफुलाचा मोसम होता. आंगनात फुलं वाळत टाकली होती, गोड वासानं डोकं जड झालं होतं, आन मी काडी घेऊन बकऱ्या हाकलत होती.

"माय, मले दिस राह्यले."

"बरं झालं बाई. डॉक्टरनं कधीचं सांगतलं?"

"ऑगस्टच्या शेवटी."

ऑगस्ट म्हनजे माह्या ध्यानात शाळेतला झेंडा. झेंडा झाला का मंग काय येते ते मी बोटावर मोजलं. "म्हनजे पोळ्याले," मी म्हनली.

"हो," ती म्हनली. "पोळ्याच्याच आसपास."

आमी बुद्धाचे लोक. आमच्या घरी पोळा पुजत नाहीत, बैलबी नाहीत. पन गावात दिस त्याच्यावरच मोजतेत. आमच्या बकरीचं पिल्लू सुद्धा पोळ्याच्या आधीचं नाही तं नंतरचं असते. मी चौथी शिकली, मराठी वाचते. तरी तारीख मले अंकात सुचत नाही.

पयलं बाळंतपन मायच्या घरी, हे आमच्यात ठरलेलं. रंजनाले डॉक्टरनं इमानात बसू नको म्हनलं. तं मंग मायच्या घरालेच तिकडं जा लागन, असं मी ठरवलं. तिचे बाबा जाऊन नऊ वर्सं झाली होती. घरात कोनाले विचाराचं नव्हतं. दोन बकऱ्या इकल्या, पोस्टातलं काढलं आन साकोलीची बस धरली.

परशांतनं आधी पासपोर्ट करून देल्ला. आधारवर माही जल्मतारीख एक जानेवारी हाय, आमच्या गावातल्या आर्ध्या बायांची तीच हाय. चौकशीले आलेला पोलीस म्हनला, "काय वं आजी, तुमच्या गावात एकाच दिसी सगळ्या जल्मल्या का?" पारबता म्हनली, "मास्तरले त्या दिसी फुरसत होती."

मंग तिकिटाचं आलं. दुकानात भिंतीवर पंखा होता, तो फक्त परशांतकडं फिरे.

"मोठी माय, लोक फिजीले हनिमूनले जातेत. लाखानं पैसे टाकतेत."

"मले सस्तं पायजे."

"सस्तं पायजे तं मंधात उतरा लागन. रेलगाडीनं मुंबई. तिथून सिंगापूर. तिथं अकरा घंटे बसाचं. बाहेर निघाचं नाही, काही घ्याचं नाही, पानी नळाचं प्याचं. डबा घरचा न्याचा आन फिजीत उतराच्या आधी सरवाचा, तिथं खानं नेऊ देत नाहीत."

"बसीन. रेशनले याच्याहून जास्त बसली हाय."

"कधीचं काढू?"

"पोळ्याच्या आठ दिस आधी पोचली पायजे."

त्यानं काहून म्हनून विचारलं नाही आन मीबी सांगतलं नाही. तो रंजनाचा चुलतभाऊ. भावासमोर बहिनीच्या दिसा-महिन्याची गोष्ट आमी बाया काढत नाही. त्याले येवढंच ठावं होतं का ताईचं बाळंतपन हाय आन मोठी माय पोळ्याच्या आधी जाते. त्यानं कॅलेंडर पाह्यलं, पोळा पाह्यला, आठ दिस मांगं मोजले.

"हे तिकीट बदलता येत नाही हं, मोठी माय. पैसेबी वापस नाहीत. म्हनूनच सस्तं हाय. पक्कं ना?"

"पक्कं."

"ताईले पाठवू का?"

"नको," मी म्हनली. "तिले अकरा घंटे समजले तं येऊ नको म्हनन."

तिकिटाचा कागद सगळा इंग्रजीत होता. मी तो पन्नीत घालून पेटीत ठेवला. मधून मधून काढून पाहे. त्याच्यावर एक नान्हं इमान छापलं होतं, बस.

ती सगळी रोवनी फिजीतच झाली म्हना. बायांना दुसरा विषय नव्हता. वच्छला परे लावता लावता विचारे, "बाई, तिथं धान होते का?" मी म्हने, "ऊस होते म्हनते रंजना. आन कोचईवानी कांदे खातेत." सखू म्हने, "बाई, तिथं बाया चड्डीत पोहतेत म्हने. तू बी एक फोटू काढजो. लुगडं फेडून." पारबता तिच्या अंगावर चिखल फेके. डोमा धुऱ्यावरून वरडे, "हसा कमी, हात चालवा!" सखू त्याले म्हने, "तुमाले नाही नेत बाप्पा फिजीले, कायले जळता?" तो पेंढी अशी फेके का पानी बरोबर तिच्या तोंडावर उडे.

त्यायनं मले प्रवासाचा हिसाब शिकवला, ज्यायनं नागपूरच्या पुढं काही पाह्यलं नव्हतं. इमानात पाय सुजतेत तं सैल चप्पल घाल. लुगड्याले आतून खिसा शिव. टोळीचं, मोहाच्या बियांचं, तेल पक्क्या बाटलीत घे, बाळंतिनीले चोपडाले तेच लागते. मंग परशांतचा फोन आला का बिया नाही, मध नाही, दुधाचं नाही, पाला नाही, तिथं कस्टमवाले कचऱ्यात फेकतेत. जवस गेलं, अळीव गेला, मेथी गेली. ओवासुद्धा गेला. राह्यलं काय तं तेल, आन माह्या जुन्या लुगड्याचे कपडे. मऊ झालेल्या लुगड्याचे लंगोट शिवले, दुपटी शिवली, कानटोप्या शिवल्या. सखूनं आपलं एक लुगडं देल्लं, म्हनली माहं जास्त मऊ हाय, जास्त भोगलं हाय त्यानं. वच्छलाच्या घरी धान मोजाचा काटा होता, त्याच्यावर आमी बॅग टांगून मोजली. डोमानं काटा वाचला. "येवढ्या वजनाचं धान असतं तं दोन पायल्याबी भरलं नसतं," तो म्हनला. सगळ्या हसल्या. आता आठवते तं हसू ऐकू येते, पन मी हसत होती का ते आठवत नाही.

मंधात एक दिस इंदू आली नाही. वच्छला चिडली, गुत्त्यात खाडा चालत नाही. दुसऱ्या दिसी ती आली ते डबा भरून. "जावयाले बोलावलं होतं वं," ती म्हनली. "धोंड्याचा महिना हाय ना. जेवू घाला लागते, नवे कपडे करा लागते." डब्यात पुरनाचे धोंडे होते, तुपातले. आमी चिखलाचे हात पान्यात बुडवून धुऱ्यावर बसून खाल्ले. सखू म्हनली, "बाई, तुझ्या जावयाले एक इमानानं पाठव." मी दोन खाल्ले. अजून त्याची चव ध्यानात हाय, इलायची जरा जास्त होती.

धोंड्याचा महिना म्हनजे सालात एक महिना जास्तीचा. त्या साली सावन दोनदा आला. पोळा सावनाच्या सरतीले असते, तं तोबी पुढं ढकलला गेला, झेंड्यानंतर पंधरा दिसांनी येनारा पोळा गेला पार सप्टेंबरात. हे इंदूले ठावं होतं, तिच्या घरी धोंडा पाळतेत. आमी पाळत नाही. पन ठावं मलेबी होतं. मी तो महिना तोंडात घालून चावला, आन तरी तो माह्या ध्यानात आला नाही.

पानी लांबला होता म्हनून रोवनीबी लांबली. झेंडा होऊन चार दिस झाले होते आन आमी शेवटच्या बांधीत होतो. पोलक्यातला फोन वाजला. हात पान्यात खंगाळले, पन्नी सोडली.

"माय, भरली का बॅग? आठ दिस आधी येते म्हनली होतीस, म्हनजे सोमवारी निघतेस ना?"

"सोमवारी कायची? अजून लय दिस हायत. पोळ्याच्या आधी म्हनलं ना."

तिकडं कोंबडा आरवून राहिला होता, मले वाटलं कोंबडे सारखेच आरवतेत.

"माय," ती म्हनली, "पोळ्याले किती दिस हायत?"

मी इंदूले विचारलं. इंदू कंबरेवर हात ठेवून सरळ उभी झाली. "पोळा? पंचवीस दिस हायत ना वं बाई. यंदा धोंडा होता. पोळा लय पुढं गेला." असं म्हनता म्हनता तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं, आन तिच्या हातातली पेंढी पान्यात पडली.

मी परशांतले फोन लावला. त्यानं चार ठिकानी विचारलं. तिकीट बदलत नव्हतं. नवं काढाचं तं पयल्याच्या तिप्पट. बाया तशाच उभ्या होत्या, कोनी परे लावत नव्हतं, डोमाबी वरडला नाही. वच्छला म्हनली, "गुत्त्याचे सगळे पैसे घे. सगळ्यायचे. आमचं काय, दिवाळीले पाहू." पारबता म्हनली, "बाई, घे. इचार करू नको." सखू काहीच म्हनली नाही, तिनं फक्त मान हालवली, आन सखूचं चूप राहनं मी पयल्यांदा पाह्यलं.

मी नको म्हनलं. सगळ्यायच्या पायाले चिखल्या होत्या, मले त्या दिसत होत्या. रंजनाले परत फोन लावला तं तीबी म्हनली, "राहू दे माय. दवाखाना जवळ हाय. घरमालकीन नानी हाय. तू तुझ्या तिकिटानं ये, तवा बाळ पाहून राहशीन." मी बरं म्हनली. असं आमी दोघींनी एकमेकीले सोपं करून देल्लं. मंग मी वाकली आन राह्यलेली बांधी पुरी केली. माही रोव सरळ आली होती, वच्छलानं दुसऱ्या दिसी मुद्दाम सांगतलं.

पुढचं मी निंदनात असताना जावयाच्या फोनातून ऐकलं. तो रडत होता म्हनून दोनदा सांगा लागलं त्याले. सकाळी तिचं पानी गेलं. कळ नव्हती. तिले वाटलं कळ आल्यावर जा लागते. तिनं फरशी पुसली, चहा केला, बसून राह्यली. नानी लेकीकडं गेली होती, जावई बेटावर, समुद्र खवळला होता म्हनून बोट बंद. संध्याकाळपर्यंत ती कळीची वाट पाहत होती. दवाखान्यात गेली तवा बाळ आतच गेलं होतं. पोरगी होती.

पानी गेल्यावर वाट पाहाची नसते. हे मले ठावं हाय, गावातल्या कोन्याबी बाईले ठावं हाय. एका वाक्याची गोष्ट. ते वाक्य सांगाले मी तिथं असाले पायजे होती. मंग मी विचारलं तिले, फोन काहून नाही केला? ती म्हनली, "तू निंदनात असशीन म्हनून."

परशांत घरी आला. उभाच राह्यला. "मोठी माय, जाता का आता?"

"पैसे वापस येत नाहीत ना?"

"नाही."

"मंग जाते. बाळ नसलं तरी ती बाळंतीन हाय."

बॅग उघडली. लंगोट काढले, दुपटी काढली, टोप्या काढल्या. पारबता घेत गेली आन पेटीत ठेवत गेली. तेल तेवढं राह्यलं. बॅग इतकी हलकी झाली का माह्याच हातानं उचलून मी बसस्टँडवर गेली. कोनी काट्यावर मोजू म्हनलं नाही.

सिंगापूरले अकरा घंटे बसली. चकचकीत फरशी, त्याच्यावर पायाचे डाग पडतीन म्हनून मी पाय वर घेतले. आजूबाजूले लोक फुलाफुलाचे कपडे घालून, डोक्यावर चश्मे. हनिमूनवाले. एका पोरीनं मले हिंदीत विचारलं, "आंटी, घूमने जा रहे?" मी म्हनली, "हाव."

फिजीत पाऊस होता. बेडूक होते, कोचईचे, म्हनजे अळूचे, पानं होते, रस्त्याच्या कडेले चिखल होता. मले वाटलं येवढ्या लांब येऊन आमच्या लाखनीच्याच बाजूले उतरली. रंजना दारात उभी होती, ढिल्या कपड्यात. आमी गळ्यात पडलो नाही. तिनं बॅग घेतली आन म्हनली, "इतकीच?" मंग तिच्या ध्यानात आलं.

वीस दिस मी तिले तेल लावलं, शेकलं, गरम पानी टाकलं. दूध आलं होतं, ते आटवाले छाती बांधली. नानी दारात येऊन बसे, तिची हिंदी येगळीच. "हमार आजा जहाज में आइस रहा," ती म्हने, "फिर कभी वापस नई गइस." ती मले कच्चे केळे आनून दे. जावयानं एक दिस समुद्र दाखवला. गावातल्या तलावाच्या पारीवरून पाह्यलं तं दिसते तसंच पानी, फक्त पलीकडची पार नाही. लोक फोटू काढत होते. मी चप्पल हातात घेऊन उभी राह्यली आन मंग म्हनली, चला, तिले एकटी ठेवली हाय.

निघाच्या आदल्या दिसी मी तिची वेनी घालून राहिली होती. ती भिंतीकडं पाहून म्हनली, "माय, मीच म्हनली होती ना पोळा. मीच तुले चुकवलं."

तवा मले सांगाले पायजे होतं. पन माह्या हातात तिचे केस होते, तोंडातून येवढंच निघालं, "राहू दे." तिले वाटलं मी हो म्हनली.

तीन रोवन्या झाल्या त्याले. नंतर मी किती वेळा फोनात सांगतलं का ते माहंच चुकलं. ती म्हनते, "मले बरं वाटावं म्हनून म्हनतेस." मंग विषय बदलवते, बकऱ्या कशा हायत विचारते. यंदा अखाडीत जावयाकडून परशांतले समजलं का तिले परत दिस राह्यले. मी फोन लावला.

"कितवा महिना?"

"पाहू माय."

"महिना तं सांग. तारीख सांग, अंकात सांग. मी परशांतकडून लिहून घेते."

"नाही माय. मी सांगतलं का चुकते. मांगच्या वक्ती मीच पोळा म्हनली. या वक्ती कोनाले काही सांगत नाही. झालं का फोन करीन."

परशांत रोज विचारते, मोठी माय, कधीचं काढू? बदलता येईन असं काढू म्हनते या वक्ती. वच्छलानं गुत्त्याचे पैसे बांधूनच ठेवले हायत, मी नको म्हनाच्या आधीच सांगून टाकलं का या वक्ती तुले विचारनार नाही. मी धुऱ्यावर बसते, फोन मांडीवर ठेवते. मले काही वाटत नाही असं नाही. पन काय वाटते ते सांगता येत नाही. येवढंच समजते का तिचे दिस भरून राहिले आन मले मोजता येत नाहीत.

ती फोनावर मराठी वाचते, आपल्या इकडचं काहीबी आलं तं वाचते. माहं ऐकत नाही, पन दुसऱ्याचं ऐकन. म्हनून हे लिहलं. वाचनाऱ्यायले माहं येवढंच मागनं हाय. तुमच्यात कोनाची तिकडं वळख असन, तं रंजनाले सांगा. पोळा मी म्हनली होती. तिनं ऑगस्टच म्हनलं होतं, बरोबर म्हनलं होतं. तिले हे सांगा, आन महिना विचारून मले कळवा.